पिलबाग

रात्रीचे दहा एक्केचाळीस. सावद्याला वीज नुकतीच आलेली,
पतपेढीची शिल्लक संध्याकाळीच जुळवून झालेली,
आणि मी ज्ञानकोशातल्या ताज्या बदलांवरून
बोट फिरवत होते, तांदूळ निवडावेत तशी.

लाल अक्षरातलं एक नाव. सदस्य वाघूर४२.
स्वतःचं पान अजून नाही, म्हणून लाल.
केळीच्या लेखात त्याची पहिलीच भर, नऊ ओळी:
निंभोऱ्याच्या धक्क्यावर केयीचे डबे कसे भरत,
खाली वाळकी पानं, वर घड, घडावर पुन्हा पान,
दांडा कोणत्या खांद्याकडे धरायचा,
आणि शेवटचा डबा बंद झाल्यावर
हमाल घटकाभर गप्प का बसत.
खाली लिहिलेलं:
संदर्भ – माझे आजोबा. खाटेवर आहेत. विचारा.

मी उलटवलं.
चार सेकंद. मजकूर तयारच असतो आमच्याकडे:
आपले योगदान निकषांत बसत नाही,
कृपया धोरण वाचावे, धन्यवाद.
आणि सवयीनं एक ओळ वर:
'केयी' नव्हे, 'केळी'.

माझी आई शेवटपर्यंत केयीच म्हणाली.
आभायाकडे बघून सांगायची, आज वारा बाग पाडणार.
त्या रात्री मला आई आठवली नाही.
त्या रात्री माझी अकरा हजार संपादनं पूर्ण झाली
आणि मी झोपले.

वाघूर४२ परत आला नाही.
मी बघत होते असं नाही. पण बघत होते.

रविवारी चिनावलला, भावाच्या बागेत,
लोटू विळ्यानं मुनवे कापत होता.
प्रत्येक खोडाला आधी एक फेरी, मग वाकणं.
एवढा वेळ कशाला, म्हटलं.
'एक ठेवनं पडते ना ताई.
सगये कापले त पुढच्या साली पिलबाग कोठून आनशीन?'
ठेवायचं तेही रुंद पानाचं गुबगुबीत नव्हे,
तलवारीच्या पात्यासारखं, बारीक, दिसायला काहीच नाही असं.
मला वाटलं तो दुसरंच काही सांगतोय.
तो केळीबद्दलच सांगत होता.

घरी येऊन लिहायला बसले.
'आपणांस नम्र विनंती' खोडलं.
'नवीन सदस्यांनी लक्षात घ्यावे' खोडलं.
उरलं ते हे:

वाघूर,
पानांच्या थराची तुमची ओळ मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही.
म्हणून ती हवी आहे. आणि म्हणूनच ठेवता येत नाही.
दोन्ही खरं आहे, माझाही इलाज नाही.
आजोबांचं नाव, साल, एखादी पावती,
कुठल्या दिवाळी अंकात छापलेलं काही, बघाल का?
हमाल गप्प का बसत ते लेखात नको.
ते मला सांगा.
आणि केयी चूक नाही. इथं केळी लिहितात, एवढंच.
परवा मी घाई केली.

आठ दिवस काही नाही.
नवव्या दिवशी एक फोटो:
रेल्वेची बिल्टी, कोपरा कसरीनं खाल्लेला,
शिक्का अर्धा, वजन मात्र स्वच्छ.
खाली: 'ट्रंकेत भेटली. चालीन का?
आजोबा म्हने, त्या बाईले विचार,
घड उचलता येते का तिले.'

येत नाही, मी लिहिलं.

बिल्टी चालेल की नाही, मलाही ठाऊक नाही.
चर्चेला टाकलीय; तिघं विरोधात आहेत,
त्यातला एक तर मीच शिकवलेला.
दोन ओळी परत आल्या, सात बाहेर उभ्या.
हमालांचं त्यानं अजून सांगितलेलं नाही.
नाव अजून लालच आहे,
पण काल त्यानं वांग्याच्या लेखातली एक वेलांटी सुधारली.

लेखाचा इतिहास उघडला की
कोणालाही दिसतं, दिसत राहील:
२२:४१, वाघूर४२, नऊ ओळी.
२२:४१, मी.